भुयाराचं दुसरं तोंड

मराठवाड्यातल्या एखाद्या गावात एसटी थांबत नसेल, नळाला पाणी येत नसेल, पण दौलताबादच्या किल्ल्याला जाऊन मिळणारं भुयार मात्र असतंच. आमच्याही गावाला होतं. मी भोकरदनच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि दरवर्षी मुलांची सहल किल्ल्यावर नेते. एका वर्षी तिथल्या अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या वाटेतून, बाहेर आल्यावर मी गाईडला विचारलं, टेंभुर्णीकडून येणारं भुयार किल्ल्यात नेमकं कुठे निघतं? तो इतका हसला की हातातली मशाल त्याला खाली ठेवावी लागली. म्हणाला, पैठणवाले विचारतात, सिल्लोडवाले विचारतात, परभणीचे तर हाताने काढलेला नकाशा घेऊन येतात. एवढी भुयारं खरंच इथे निघाली असती तर हा डोंगर कधीच खाली बसला असता. मुलं हसली, मीही हसले. पण हे उत्तर मला लहानपणापासून हवं होतं.

आमचं गाव टेंभुर्णीपासून फार लांब नाही. गावाच्या मधोमध पांढऱ्या मातीचा उंचवटा आहे, तीच गढी. वर आता चार भिंती आणि बाभळी उरल्यात. गढीचं घराणं शेजारीच स्लॅबच्या बंगल्यात राहतं. उंचवट्याच्या पोटाला दगडी चौकटीचं एक तोंड आहे आणि त्याची गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगतं. फार पूर्वी गढीवाल्यांना हे भुयार कुठवर जातं ते बघायचं होतं. म्हणून त्यांनी आमच्या वस्तीतलं एक जोडपं आत पाठवलं. नवऱ्याच्या गळ्यात हलगी, बायकोच्या हातात दिवा. नवऱ्याने वाजवत जायचं आणि वर जमिनीवरून गढीवाल्यांनी आवाजाच्या मागे मागे चालायचं, अशी योजना होती. माळापर्यंत आवाज आला म्हणे आणि थांबला. जोडपं परत आलं नाही. भुयार पुढे दौलताबादला गेलंय हे त्यावरून सिद्ध झालं. कसं सिद्ध झालं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

यातून एक रीत निघाली. चैत्रात जत्रेच्या दिवशी, भर दुपारी, वस्तीतल्या एका जोडप्याने हलगी आणि दिवा घेऊन भुयारात जायचं. आत थोडा वेळ वाजवायचं आणि मग एकदम थांबायचं. आवाज थांबला की बाहेर जमलेल्या गावाने हात जोडायचे, पाठ फिरवायची आणि मागे न बघता निघून जायचं. जोडप्याने दिवा विझवून आत बसून राहायचं. सगळे गेले याची खात्री झाली की बाहेर पडायचं, ओढ्याच्या अंगाने वस्ती गाठायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गावाला तोंड दाखवायचं नाही. कारण भुयारात गेलेले परत येत नसतात. त्यांना बाहेर येताना कुणी पाहिलं तर गावाला वर्ष वाईट जातं म्हणे.

माझे आजा-आजी कितीतरी वर्षं ते जोडपं होते. आजी मी जन्मायच्या आधीच गेली. पण तिने मायला, म्हणजे माझ्या आईला, सगळं सांगून ठेवलं होतं. तिला अंधाराची भीती वाटायची नाही. आवाज थांबल्यावर लोक पाठ फिरवून जायचे, कुणी बैलाबद्दल बोलायचं, कुणी जेवणाबद्दल, आणि ते सगळं आत स्वच्छ ऐकू यायचं. आपण जिवंत आहोत हे माहीत असताना लोक आपल्याला मेलेलं धरून घरी जातात, ते ऐकत बसायचं तिच्या जिवावर यायचं. एका वर्षी तर माझा बाप तिच्या पोटात होता.

छप्पन साली धर्मांतर झालं. पुढच्या चैत्रात आज्याने जायला साफ नकार दिला. नुसता नकार देऊन तो थांबला नाही. त्याने हलगीचं कातडं सोडवलं आणि ओढ्यात टाकलं. लोखंडी कडं तेवढं ठेवलं, कारण लोखंड टाकून द्यायची ऐपत नव्हती. आजीने ते माठाखाली घातलं. गावाने वस्तीला गिरणी बंद केली, विहीर बंद केली, कामावर बोलावणं बंद केलं. आजी ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन दळायला टेंभुर्णीला पायी जायची. मग सुगी आली, कापणीला हात कमी पडायला लागले आणि बहिष्कार आपोआप ढिला झाला. पण आजा पुन्हा भुयारात गेला नाही. रीत मोडली. तोंडावर बाभळीच्या काट्या पडल्या त्या पडल्याच.

मी शाळेत जायला लागले तेव्हा गढीच्या मुली मला सांगायच्या, तुमचे दोघं अजून आत आहेत, कान लावला की हलगी ऐकू येते. मी कान लावायची. आधी भीती वाटायची. नंतर राग यायला लागला, आणि तो इतक्या वर्षांत काही कमी झालेला नाही.

मला वाटतं, भूगोलाच्या तासाला बोगदा म्हटलं की माझी गाडी सुटते ती त्यामुळेच. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्राखालून रेल्वेचा बोगदा खणला तेव्हा दोन्ही देशांनी आपापल्या काठाकडून सुरुवात केली. मध्ये भेटल्यावर आधी एक लहान भोक पडलं आणि त्यातून दोन मजुरांनी हात मिळवले. हे सांगताना दरवर्षी माझा आवाज चढतो, शेजारच्या वर्गातले सर डोकावून जातात. तुर्कस्तानात जमिनीखाली अख्खी गावं आहेत, तिथली दारं म्हणजे जात्यासारखे मोठे गोल दगड, आतल्या माणसानेच लोटायचे. बाहेरच्याला ते हलत नाहीत. व्हिएतनामच्या शेतकऱ्यांनी लढाईत इतकी अरुंद भुयारं खणली की धिप्पाड शिपाई त्यात अडकून बसायचे. रोहतांगच्या बोगद्यातून मी स्वतः गेलेय, मैत्रिणींबरोबर, आणि पलीकडचा उजेड दिसल्यावर गाडीतल्या सगळ्या झोपलेल्या बायकांना हलवून उठवलंय. मुलांना मी एकच गोष्ट पाठ करायला लावते. बोगद्याला दोन तोंडं असतात. एका तोंडातून माणूस आत जातो आणि दुसऱ्यातून बाहेर येतो. दुसरं तोंड नसेल तर त्याला बोगदा म्हणू नका.

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या गावाला पर्यटनाचं वेड लागलं. जांब समर्थला लोक येतात, संभाजीनगरला येतात, समृद्धीवरून गाड्या नुसत्या पळतात, मग आपल्याकडे कुणी का येऊ नये? गावात समिती निघाली. गढीच्या घराण्यातले सध्याचे थोरले तिचे अध्यक्ष झाले. त्यांना सगळे काका म्हणतात. माणूस वागायला सभ्य आहे. त्यांनी काट्या काढल्या, तोंडापुढे फरशी बसवली, सौर दिवे लावले, फोटो काढायला एक कमान केली. तिथवर माझी काही तक्रार नव्हती. मग पाटी लागली. गावासाठी स्वखुशीने आत गेलेल्या आणि परत न आलेल्या जोडप्याला वंदन, असं तिच्यावर लिहिलं होतं. आणि उद्घाटनाला जुनी रीत पुन्हा करायचं ठरलं.

आता जोडपं हवं होतं. काका आपण होऊन माझ्या धाकट्या भावाकडे आले. भावाची पिठाची गिरणी आहे. ज्या गावाने आजीला गिरणी बंद केली त्या गावाचं दळण आज तो दळतो, आणि गढीचंही त्याच्याकडेच येतं. काकांनी खुर्चीवर बसून चहा घेतला. तुम्हा दोघांना फेटा-साडी देऊ, व्हिडिओ काढू, पाटीवर तुमच्या आज्याचंही नाव घालू, असं सगळं मानाने सांगितलं. भावाने त्यांना नाही म्हटलं नाही.

मला कळलं तशी मी मिळेल त्या गाडीने गावी आले. भाऊ चक्कीच्या पिठाने पांढरा झालेला होता आणि त्याच अवतारात आम्ही भांडलो. मी म्हटलं, आज्याने जे मोडलं ते तू जोडतोस. तो म्हणाला, जग बदललं, आता कुणी कुणाला अडवत नाही, घटकाभराचं सोंग आहे, त्यासाठी रोज तोंड दिसणाऱ्या माणसांशी वाकडं कशाला घ्यायचं. तू भोकरदनला राहतेस, तुझं काय जातं? हे मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं.

"मंग जाय ना," मी म्हटलं, "पण बायकोला कशाला नेऊन राह्यला अंधारात बसवायला? तिला इचारलं का?"

त्याने विचारलं नव्हतं. माझी भावजय अंगणवाडीत काम करते, बोलते कमी. ती भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला आणि मला म्हणाली, "ताई, आधी आत काय हाये ते तरी बघू चला."

एवढ्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. जगभरच्या बोगद्यांची मला खडान्‌खडा माहिती, आणि घरापासून हाकेच्या अंतरावरच्या तोंडात मी पाऊल टाकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो. फरशीवर गवंडी काम करत होता. तो म्हणाला, बायांनी आत जाऊ नये. युरोपातही बोगदे खणणारे लोक तोंडाशी एका संतिणीची मूर्ती ठेवायचे, तिला हात जोडायचे आणि जिवंत बाईला मात्र अपशकुन म्हणून आत सोडायचे नाहीत. हे मी त्याला सांगणार होते, पण भावजय तोवर मोबाईलची बॅटरी लावून आत शिरलीसुद्धा.

सुरुवातीला वाकून जावं लागलं. मग एक वळण आलं आणि पुढे उभं राहता येईल अशी खोली, आमच्या दहावीच्या वर्गाएवढी. जमिनीत गोल तोंडाची दोन पेवं होती, धान्य साठवायचे खोल खड्डे, आत माती आणि पाखरांची घाण. गढीवाले दुष्काळात आपली ज्वारी इथे लपवत असणार. मी समोरच्या भिंतीवर हात फिरवला. खोलीच्या बाकी भिंतींवर छिन्नीचे घाव दिसत होते. समोर मात्र काळा पाषाण, जसा जमिनीत असतो तसा, कुणी हात न लावलेला. खणणारा माणूस इथवर येऊन थांबला होता, कारण त्याला पेव खणायचं होतं आणि ते पुरं झालं होतं. पुढे वाट नव्हती. दौलताबाद तर सोडाच, भुयार गढीच्या दुसऱ्या बाजूलाही पोचत नव्हतं.

भिंतीलगत एक बसका दगड होता, वरून गुळगुळीत झालेला. भावजय त्यावर बसली. तिने बॅटरी बंद केली आणि मला गप्प राहायला सांगितलं. बाहेर गवंडी कुणाशी तरी फोनवर बोलत होता. सिमेंट आलं नाही, उद्या बघू, असं म्हणत होता. एकेक शब्द कानाशी बोलल्यासारखा ऐकू येत होता. आजी इथेच बसायची. मला रडू आलं. मग रडू आल्याचा संताप आला, आणि तो जास्त वेळ टिकला.

तिथून आम्ही तडक काकांकडे गेलो. आत काय आहे ते मी त्यांना सांगितलं आणि विचारलं, वाटच नाही तर ते दोघं गेले कुठे?  काका म्हणाले, पुढचं बुजलं असेल. मी म्हटलं, अख्खा पाषाण बुजत नसतो. ते म्हणाले, मॅडम, हा श्रद्धेचा विषय आहे, आणि तुमचा मान आम्ही राखूनच राह्यलोत ना? आवाज त्यांनी मुळीच चढवला नाही. भांडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. असा मान घेऊन समोर आलेल्या माणसाशी कसं बोलावं ते मला अजून जमत नाही.

घरी आले आणि मायपुढे सगळं ओकले. म्हटलं, म्हणजे त्यांना आतच मारलं असणार, पेवात पुरलं असणार, आणि वर गोष्ट रचली. मला खात्रीच वाटत होती. माय माठाशी बसली होती. ती म्हणाली, "मारलं असंल. न्हाई तर गेले असतील निघून. गढीवाले वर माळावर गेल्ते ना आवाज हुडकत? मंग भुयाराच्या दाराशी कोण होतं? दोघं भाईर पडले, चालाया लागले. परत न्हाई आले. परत का यावं त्यांनी? काय ठिवलं होतं इथं?"

 पुराव्याशिवाय एक वाक्य फळ्यावर लिहू नये हे मी मुलांना सांगते. दोन्हीचा पुरावा नाही. पण पुरावा नसताना गावाने आपल्या सोयीची गोष्ट कित्येक पिढ्या चालवली, तर मी मायची का चालवू नये? मी त्याच क्षणी ठरवलं, ते दोघं निघून गेले. जालन्याकडे गेले असतील, खानदेशात गेले असतील, पोरंबाळं झाली असतील. ज्याला मी आयुष्यभर भुयाराचं दुसरं तोंड म्हणून शोधत होते ते पहिलंच होतं. पाठ फिरवलेल्या लोकांना तेवढं ते दिसलं नाही.

भावाने दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, काकांना नाही म्हणून येतो. मी जिंकले असं मला वाटलं. तेवढ्यात भावजय म्हणाली, नको, आपण जाऊ. माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. मी तिला सुनवायचं तेवढं सुनवलं. दगडावर बसून आली ना तू, मग? ती ऐकून घेत होती. मायकडे मी मोठ्या आशेने बघितलं, तर माय म्हणाली, जाऊ दे तिला. मी उठून अंगणात गेले. त्या दोघींचं आधीच काहीतरी ठरलेलं होतं आणि मला त्यात घेतलेलं नव्हतं.

उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. तालुक्याहून साहेब आले, मंडप पडला, माईकवर कुणीतरी भुयाराची जगातल्या मोठमोठ्या बोगद्यांशी तुलना केली. त्यातले निम्मे बोगदे त्याने चुकीच्या देशात नेऊन ठेवले. मी वस्तीतल्या बायांबरोबर मागे उभी होते. जायचं नाही असं ठरवूनही आले होते. भावाच्या डोक्याला केशरी फेटा, गळ्यात समितीने आणलेली नवी कोरी हलगी. भावजयीने समितीची साडी नेसलीच नव्हती. ती अंगणवाडीच्या साडीत होती आणि पदर कमरेला खोचलेला होता. हातात दिवा होता. दोघं वाकले आणि आत गेले.

हलगी वाजायला लागली. माझ्या भावाला हलगीचा ओ की ठो येत नाही, आज्याबरोबर ती विद्या घरातून गेली, आणि ते बरंच झालं असं मी नेहमी मानलं. तो नुसता बडवत होता. आवाज वळणाशी गेला, बारीक झाला, खोलीत गेल्यावर घुमायला लागला. पुढे उभ्या असलेल्यांनी हात जोडले. काकांनी डोळे मिटले. आता थांबणार म्हणून काहीजण अर्धे वळलेसुद्धा.

आवाज थांबला नाही. आधी वाटलं, भाऊ खूण विसरला. मग तो घुमायचा कमी झाला, मोकळा झाला, जवळ आला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. वळलेले पुन्हा वळले. पाठ फिरवावी तर व्हिडिओ चालू, साहेब तर फिरवतच नव्हते. त्यांना बिचाऱ्यांना रीत माहीत नव्हती, ते टाळ्या वाजवायला लागले. आणि दगडी चौकटीतून आधी भावजय बाहेर आली, केसांत जळमटं, हातात जळता दिवा, आणि तिच्या मागे हलगी बडवत माझा भाऊ, ऊन डोळ्यांवर आल्याने डोळे बारीक केलेला. माझ्या शेजारच्या म्हातारीने तोंडावर हात ठेवला. मी मोठ्याने हसत होते, हे मला नंतर लोकांनी सांगितलं.

काका पुढे झाले आणि हळू आवाजात म्हणाले, असं बाहेर यायचं नसतं, सगळ्यांसमोर.

भावजयीने दिवा त्यांच्या समोरच्या नव्या फरशीवर ठेवला. "काका, आत वाट न्हाई," ती म्हणाली. "भिंत हाये. मंग मान्सानं भाईरच यावं लागतं."

तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण माईक जवळ होता.  त्या वर्षी काकांच्या घरचं दळण टेंभुर्णीला जायला लागलं, अजूनही तिकडेच जातं. त्यांच्यामागे आणखी काही घरं गेली. गिरणी त्यामुळे बंद पडली नाही. पाटीही अजून तिथेच आहे आणि जोडपं परत आलं नाही असंच तिच्यावर लिहिलेलं आहे.

त्या दुपारी ते दोघं ओढ्याच्या अंगाने गेले नाहीत. मंडपाच्या मधून, गढीच्या बंगल्यावरून, पारावरून, भर बाजारातून चालत गेले, आणि त्यांच्या मागे आम्ही सगळी वस्ती. भावाने हलगी मंडपातच काढून ठेवली होती. माय आली नव्हती, तिचे गुडघे चालू देत नाहीत. ती घराच्या दारात, चौकटीला धरून उभी होती. आम्ही गल्लीत वळलो तसं तिने आम्हाला पाहिलं. ती घरात गेली, माठातून तांब्या भरला आणि पुन्हा दारात आली. शेजारणीने तिला काय झालं म्हणून विचारलं.

"आले परत," माय म्हणाली आणि तिने सुनेपुढे पाणी धरलं.